प्रोवीचं टोक

"तो हातोडा खाली ठेव."

रामीरोचा वर गेलेला हात तसाच थांबला. कॅम्परच्या, म्हणजे राहण्याच्या गाडीच्या, दारापुढे ओढून घेतलेलं कापडी छत वाऱ्यावर फडफडत होतं आणि त्याची पहिली खुंटी वाळूत टेकवून तो नुकताच खाली बसला होता.

"काय झालं, पपा?"

"आज शुक्रवार आहे," निकानोर म्हणाला.

"काल गुरुवार होता, त्यावरून मी तसा अंदाज बांधलाच होता."

"गुड फ्रायडे आहे. आज काही ठोकायचं नाही."

शेजारच्या कॅम्परच्या खिडकीतून मिग्दालियाचं डोकं बाहेर आलं. लास उवासच्या या किनाऱ्यावर ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ती तीस-बत्तीस वर्षं निकानोरच्या शेजारीच मुक्काम ठोकत आली होती, त्यामुळे त्यांच्या घरच्या बोलण्यात तोंड घालायचा हक्क तिला आपोआप मिळालेला होता.

"काय रे रामीरो, फ्लोरिडाला जाऊन अक्कल गहाण टाकलीस का? ज्या दिवशी त्या बिचाऱ्याला खिळे मारले, त्याच दिवशी तू ठोकाठोक करतोस? तुझी आई असती तर तो हातोडा तुझ्याच डोक्यात घातला असता."

"तेही ठोकणंच झालं असतं, तिया," रामीरो म्हणाला. पण हातोडा त्याने खाली ठेवला. लहानपणापासून तो तिला तिया, म्हणजे मावशी म्हणत आला होता, आणि मावशीशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने बापाकडे पाहिलं. बदामाच्या झाडाखाली जुन्या पिकअपच्या मागच्या हौद्यात हिरव्या मेणकापडाचं बोचकं पडलं होतं. आत तंबू, चार बांबू, दहा दोर आणि गोणपाटात गुंडाळलेल्या दहा लोखंडी खुंट्या.

"आणि मग आपल्या पैजेचं काय?"

पैज जानेवारीत फोनवर लागली होती. नोव्हेंबरात निकानोर न्हाणीघरात घसरून पडला आणि दोन तास तिथेच पडून राहिला. हाड मोडलं नाही, पण शेजाऱ्याने नेमकं रामीरोला कळवलं. तेव्हापासून एकच टुमणं सुरू झालं. पपा, तुम्ही ऑर्लँडोला या. यारित्साने खोली रंगवून ठेवली आहे. डोंगरातल्या त्या घरात एकटे काय करता? वीज गेली की आठ-आठ दिवस येत नाही. निकानोर त्र्याहत्तर वर्षांचा होता. चौतीस वर्षं त्याने या बेटावर विजेचे खांब पुरले होते, आणि वीज गेली म्हणून बेट सोड असं त्यालाच कोणी सांगावं, याचा त्याला सपाटून राग आला. रागाच्या भरात तो म्हणाला, पवित्र आठवड्यात ये. आपला तंबू मी एकट्याने उभा करून दाखवतो, पोचल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं तर येतो तुझ्या ऑर्लँडोला.

दरवर्षी ते बुधवारीच पोचायचे. या वेळी रामीरोचं विमान उशिरा आलं, भाड्याने घेतलेला कॅम्पर गुरुवारी संध्याकाळी हाती पडला आणि किनाऱ्याचं फाटक तोवर बंद झालं. वार कोणता उजाडेल, हे पैज लावताना दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"उद्या करा ना," रामीरो म्हणाला. "उद्या शनिवार. आज आमच्यासोबत कॅम्परमध्ये झोपा. खालचा पलंग तुम्हाला ठेवलाय, चढायला नको. मी काही तुम्ही हरलात असं म्हणणार नाही."

तो हे फार मायेने बोलला. ओरडला असता तर बरं, असं निकानोरला वाटलं.

त्यानंतर काही मिनिटांनी तो कॅम्परच्या मागे पाण्याची नळी जोडायला गेला, तेव्हा आतून सुनेचा आवाज ऐकू आला. यारित्सा मनाने वाईट नव्हती. ती हळू आवाजात नवऱ्याला समजावत होती, "जाऊ दे ना. शुक्रवारचं निमित्त झालं, बरंच झालं की. हात कसे थरथरतात ते बघितलंस ना? त्यांना लाज वाटेल असं काही करू नको."

निकानोर नळी तशीच सोडून झाडाखाली येऊन बसला. हात थरथरत होते, हे खरंच होतं. पण शुक्रवार हे निमित्त नव्हतं. रामीरो सहा वर्षांचा असताना एका गुड फ्रायडेला सैल झालेल्या खुंटीवर निकानोरने फक्त दोन घाव घातले होते. त्याच संध्याकाळी पोराची भुवई फुटली, सात टाके पडले. पोरगं कुस्तीगीर बनून टेबलावरून उडी मारायला गेलं होतं हा भाग वेगळा. त्याच्या बायकोच्या, प्रोवीच्या लेखी कारण एकच होतं. तिने तीन दिवस नवऱ्याशी बोलणं टाकलं आणि चौथ्या दिवशी, गुड फ्रायडेला पुन्हा काही ठोकणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. प्रोवीला जाऊन दीड वर्ष झालं होतं. गेल्या वर्षी तो इथे आलाच नाही. तिच्याशिवायचा हा पहिला मुक्काम, आणि ती बघायला नाही म्हणून शपथ मोडायची, हे त्याच्या मनाला पटेना.

बराच वेळ तो बसून राहिला. किनारा माणसांनी गच्च भरला होता आणि समुद्र रिकामा होता. आज पाण्यात शिरलं तर माणसाचा मासा होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पलीकडे बदामाच्या सावलीत चौघे जण डॉमिनो खेळत होते. कुणीतरी पाण्याचा मोठा प्लास्टिकचा कॅन रिकामा करून कचऱ्याच्या पिंपात टाकला.

निकानोर उठला. पिंपापाशी गेला आणि तो कॅन काढून घेतला.

"मिग्दालिया, असे रिकामे कॅन आहेत तुझ्याकडे? दहा लागतील."

"सहा आहेत. कशाला रे?"

"खांबाला ताण द्यायचा आणि जमीन भुसभुशीत असली, तर आम्ही काय करायचो? ओंडका आडवा पुरायचो आणि तार त्याला बांधायचो. दहा माणसांनी ओढलं तरी निघत नाही."

मिग्दालियाने डोळे बारीक केले. "पण खोदलेलं चालतं का आज?"

"खोदण्याबद्दल प्रोवी काही बोलली नव्हती."

"मग चालतं," ती म्हणाली आणि कॅन आणायला आत गेली.

उरलेले तीन डॉमिनोवाल्यांनी दिले. त्यांच्यासाठी दुपारची करमणूकच झाली ती. निकानोरने प्रत्येक कॅन वाळूने गच्च भरला, मधोमध दोर बांधला आणि प्रोवीच्या जुन्या भाताच्या टोपाने पहिला खड्डा खणायला घेतला. कोरडी वाळू काढली तेवढीच परत आत यायची. मग त्याने जमिनीवर पाणी ओतून वाळू बसवली आणि खड्डा कोपरापर्यंत खोल नेला. कॅन आडवा ठेवला, वर वाळू लोटली, पुन्हा पाणी घातलं आणि वर उभा राहून पायाने दाबली. पहिल्या खड्ड्याला अर्धा तास लागला. दहा खड्डे करायचे होते आणि बारा वाजायला आले होते.

"निका, बादली घेऊन समुद्रात जास्त आत जाऊ नको! पायाला खवले फुटतील!" डॉमिनोवाले ओरडले.

"फुटू दे. पोरगं निदान ऑर्लँडोला तरी नेणार नाही," तो म्हणाला.

दुपारी यारित्साने जेवणासाठी हाक मारली, खारवलेला मासा आणि उकडलेली कच्ची केळी. तो उभ्या उभ्या दोन घास खाऊन परत आला. सहाव्या खड्ड्याशी त्याचा गुडघा दुमडला आणि तो वाळूत एका हातावर पडला. रामीरो खुर्चीतून ताडकन उठला.

"बस खाली," मिग्दालिया खिडकीतून म्हणाली.

"तिया, ते पडले."

"पडले, मेले नाहीत. बस."

रामीरो बसला, पण खुर्चीच्या कडेवर. बाप पडला होता तसाच काही वेळ थांबला, पालथ्या हाताने तोंडावरची वाळू पुसली आणि त्याच जागी टोप खुपसून खणू लागला. रामीरोने दुसरीकडे पाहिलं. लहानपणी रस्त्याच्या कडेला कमरेएवढ्या खड्ड्यात उभा असलेला बाप शाळेच्या बसमधून दिसायचा, आणि मित्रांना दाखवताना त्याची छाती फुगायची. ते आता एकदम आठवलं.

बांबू उभे करणं सर्वांत अवघड होतं. कापड जड, वारा अंगावरचा. मधला बांबू दोनदा निसटला. तिसऱ्या खेपेला निकानोरने तो खांद्यावर घेतला, दोराचं टोक दातात धरलं आणि एक-एक ताण आवळत सगळीकडून फिरला. साडेपाचला हिरवा तंबू उभा होता. एका बाजूला थोडा कललेला, पण उभा. डॉमिनोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

रामीरो आला. त्याने एक दोर धरून ओढून पाहिला. मग दोन्ही हातांनी ओढला. मग पाय रोवून ओढला. वाळू जरासुद्धा हलली नाही.

"कुठे शिकलात हे?"

"तुझ्या शाळेची फी ज्या कामातून भरली, तिथे."

रामीरो हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. "तुम्ही जिंकलात, पपा. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"काढू नको," निकानोर म्हणाला आणि पोराच्या भुवईवरच्या जुन्या व्रणावरून अंगठा फिरवला. यारित्साने नारळाच्या दुधातल्या गोड भाताची बशी आणून त्याच्या हातात दिली. हात आता चांगलेच थरथरत होते, पण या वेळी कुणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही.

शनिवार-रविवार मजेत गेले. ईस्टरला अख्खा किनारा समुद्रात होता. रामीरोने शब्द पाळला. एकदाच, रविवारी जेवताना, "आमच्याकडे थंडीत..." अशी त्याने सुरुवात केली आणि स्वतःच गप्प बसला.

सोमवारी सकाळी त्यांना निघायचं होतं. दुपारी बाराच्या आत कॅम्पर परत द्यायचा होता आणि पुढे विमान. रामीरो तंबूपाशी घुटमळत राहिला.

"उतरवायला मदत करून जातो."

"विमान चुकेल. उभा केला तसा उतरवीन. निघ."

"पोचलात की फोन करा."

"मी वीस मैलांवर जाणार. तू समुद्रापलीकडे. तू कर."

बापाला मिठी मारताना रामीरोने बराच वेळ सोडलं नाही. यारित्साने उरलेला गोड भात डब्यात भरून पिकअपच्या सीटवर ठेवला. कॅम्पर फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागला आणि ताडांच्या रांगेआड गेला. जिंकलेला माणूस रस्त्याकडे बघत उभा राहिला. आपण मागितलं तेच मिळालं आहे, हे त्याला कळत होतं, आणि तरी त्याला पोराच्या मागे धावावंसं वाटलं.

तंबू उतरवणं सोपं गेलं. कॅन उकरून निघाले, बांबू बांधून झाले. हिरवं कापड त्याने वाळूवर सपाट पसरलं आणि एका बाजूची दोन टोकं हातात घेऊन तो उभा राहिला.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

उभारायचं काम नेहमी त्याचंच असे. ते तो कधीही एकट्याने करू शकला असता, पैज लावायची खरं तर गरजच नव्हती. पण घडी घालायला दोघं लागतात. एक्केचाळीस वर्षं पलीकडची दोन टोकं प्रोवीने धरली होती. ती कापड खसकन ताणायची, तो बेसावध असला की त्याच्या हातातून सुटायचं, आणि मग ती म्हणायची, "नीट धर, निका." मग टोकं घेऊन त्याच्यापर्यंत चालत यायची, बोटाला बोट लावून टोकाला टोक जुळवायची, आणि घडीची कड धरायला परत मागे जायची. इतक्या वर्षांत तिला हे काम त्याने कधी सांगितलं नव्हतं. ती तिथे असायचीच.

वारा होता. त्याने अलीकडून उचललं की पलीकडून कापड गुंडाळत यायचं. पलीकडे जाऊन सरळ केलं की अलीकडचं उडायचं. तीनदा तो असा फिरला.

मिग्दालिया आपल्या कॅम्परच्या पायरीवर कॉफी पीत बसली होती. ती कप ठेवून उठली. "निका, येऊ का?"

"नको," तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "नको गं. होतंय."

ती तशीच उभी राहिली. कॅन उकरले होते तिथवर तो गेला. वाळूने भरलेले दोन त्याने उचलले, एका हातात एक, आणि पलीकडच्या दोन टोकांवर ठेवले. ते बरोबर कोपऱ्यांवर आहेत ना, हे वाकून पाहिलं. एक जरा आत सरकला होता, तो त्याने बाहेर घेतला.

मग तो आपल्या बाजूला आला, दोन्ही टोकं उचलली आणि कापड ताणलं.

"नीट धर," तो म्हणाला, आणि पहिल्या घडीसाठी पलीकडे चालू लागला.