राघूचं अंडं

पिंजऱ्याचा तळ पुसायला गेलेली सून तशीच माघारी आली.

"बाबा, राघूनं अंडं घातलंय."

सासऱ्यांनी टेबलावरून मानही वर केली नाही. शब्दकोश रचण्यात हयात घालवलेला माणूस. एक वेळ कवळी विसरतील, शब्दाचं लिंग विसरायचे नाहीत. "राघू म्हणजे नर. अंडं कुठून घालेल?"

"तुम्ही येऊन तर बघा."

ते आले. दाण्यांच्या टरफलांत बोराएवढं पांढरंशुभ्र अंडं होतं आणि त्याला बिलगून राघू पिसं फुलवून बसलेला. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"गळ्याला कंठ उमटेना, तेव्हाच मला शंका आली होती," सून म्हणाली. "ती काळी-गुलाबी रेघ नरालाच येते. तुम्ही म्हणालात, उशिरा येईल."

"पण जोडीदाराशिवाय अंडं?"

"कोंबडी नाही का घालत?"

बाबांना भलतंच आठवलं. सासूबाई गेल्यापासून ते दाढीला पिंजऱ्यासमोर बसत. "आपण दोघं पुरुषमाणसं," म्हणत आणि जे पोटच्या मुलाला सांगवत नसे ते राघूला सांगत. बायकोची शाल उशाशी घेतल्याशिवाय झोप लागत नाही, हेसुद्धा.

"हे सगळं मी एका बाईला सांगत होतो?" ते पुटपुटले.

"काय सांगत होता?"

"काही नाही." मग एकदम, "हिला म्हणायचं काय? मैना?"

"मैना वेगळाच पक्षी ना, बाबा?"

हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! मोराची लांडोर, कोंबड्याची कोंबडी, चिमण्याची चिमणी. पोपटाची? त्यांनी तोंड उघडलं. शब्दच येईना.

"पोपटाची मादी," ते शेवटी म्हणाले. "एवढंच. आपण हिला शब्दसुद्धा दिला नाही गं."

दिवसभर ते पिंजऱ्याकडे फिरकले नाहीत. दाढी न्हाणीघरात उरकली, गालाला दोन ठिकाणी कापून घेतलं. संध्याकाळी सून म्हणाली, "ती अंड्यावरून उठत नाही. सकाळपासून चोचीत काही घेतलं नाही."

बाबांनी पेरूची फोड कापली. पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला. "खा गं बाई. माझ्यावरचा राग पेरूवर नको काढूस."

तिनं पेरू सोडून त्यांचं बोट धरलं. चांगलंच रक्त निघालं.

"अगं आई गं!" बाबा ओरडले. सून धावत आली. बोट तोंडात धरून ते पिंजऱ्यासमोर थक्क होऊन उभे होते, आणि ती पेरू खात होती.