डेपोची वाट

"गाडी मांगं घे म्हनलं ना!"

"मांगं कुठी घेऊ? माह्या मांगं पाह्य, रांग लागली. तूच घे."

"मी काहून घेऊ? गाव माहं हाय!"

उकंडरावानं कासरा आवळला, पण समोरचा गाडीवान हलेना. दोघांचे बैल तोंडाला तोंड लावून उभे.

लढाईच्या दिवसांत सरकारनं आमच्या गावामागच्या माळावर धान्याचा मोठा डेपो बांधला. गावोगावची ज्वारी तिथं यायची, तिथून कारंज्याकडे जायची. पण सडकेवरून माळावर जायला गावातली एकच बोळ. एका अंगाला उकंडरावाचं घर, समोर युनूस पिंजाऱ्याचं, मधून जेमतेम एक गाडी जाईल. गावाच्या एका बाजूला खोल नाला, दुसऱ्या बाजूला टेकडी. शेतात जायचं तेही ह्याच बोळीतून. डेपो झाल्यापासून दिवसभर गाड्यांची चाकं कुरकुरायची, फुफाटा उडायचा, अन् गाव आपलं आतल्या आत कोंडलेलं.

उकंडरावाची बायको प्रयागबाई दारातून ओरडली, "अवो, आभाळ काळं झालं! कनसं खळ्यावर उघडी पडली हायेत!"

"मले दिसत नाही काय? उडून जाऊ?"

शेवटी त्यानं गाडी तिथंच सोडली. तो अन् युनूस तरटं खांद्यावर टाकून, बैलांच्या पोटाखालून वाकत, भिंतीला घासत शेताकडे धावले. नाल्याच्या वळणावरच गारा सुरू झाल्या. खळ्यावर पोचले तेव्हा कणसं चिखलात तरंगत होती. उकंडरावानं चिखलानं काळं झालेलं एक कणीस उचललं.

"दादा," युनूस म्हणाला, "ज्वारीच्या गाड्यायनं तुही ज्वारी खाल्ली."

घरी आल्यावर प्रयागबाईनं ते काळं कणीस हातात घेतलं. रडली नाही. म्हणाली, "उद्या मी बोळीत बसतो."

"येडी झाली काय? सरकारशी भांडन म्हंजे पहाडाले टक्कर."

"मंग मरा घरात कोंडून! मी तं बसतोच."

अन् ती बसली. भर बोळीत पाट टाकून सूप घेऊन बसली. समोरून युनूसची हुस्नाबानो आली, "सरक वं माय," म्हणून शेजारी टेकली. दुपारपर्यंत गावातल्या बाया ओळीनं बसल्या. गाडीवान चिडले, डेपोच्या जमादारानं काठी आपटली.

प्रयागबाई म्हणाली, "मार. पन उचलून टाकाले जागा कुठी हाय ते आंधी पाह्य!"

दोन दिवस गाड्या अडल्या. तिसऱ्या दिवशी मंगरूळपीरहून साहेब आला. त्याची मोटारही गाड्यांत अडकली, तेव्हा बापड्याला धुळीतून पायी यावं लागलं. गाव मनातून खूश झालं. साहेबानं सगळं शांतपणे ऐकलं. बोळ पाहिली, रुमालानं तोंड पुसलं.

"तुमचं गाऱ्हाणं खरं आहे. रस्ता फार अरुंद आहे."

बाया उठल्या. प्रयागबाईनं साहेबाला गूळ-पाणी दिलं. उकंडराव तर दिवसभर हसत होता.

आठवड्यानं जमादार चुना घेऊन आला. बोळीच्या दोन्ही अंगांनी त्यानं पांढरी रेघ ओढली. एक रेघ प्रयागबाईच्या चुलीवरून गेली, दुसरी युनूसच्या पिंजण्याच्या खोलीतून.

"हे काय करून राह्यला?" उकंडराव धावत रेघेवर येऊन उभा राहिला. "आमी गाड्या हटवाले सांगतलं होतं!"

"गाड्या सरकारच्या हायेत, त्या कशा हटतीन?" जमादार म्हणाला. "भिंती हटतीन."

प्रयागबाई पुन्हा रेघेवर जाऊन बसली. ह्या वेळी शिपायांनी तिला दोन्ही दंडांना धरून बाजूला नेलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही भिंती पडल्या. तिनं गोठ्यातलं शेण सारलं, बैल बाहेर बांधले अन् तिथं चूल मांडली.

आता दोन-दोन गाड्या जोडीनं जायच्या. एक दिवस एका गाडीवानानं बिडीसाठी विस्तव मागितला. तिनं चिमट्यात निखारा धरून दिला.

"बाई, तुमच्या गावचा रस्ता आता लय झकास झाला."

"हो दादा," ती म्हणाली, "माह्या घरातून जाते तो."