नाव होतं ते

जगदेव हॉटेलच्या फळीवरून उठला, चहा तसाच टाकून, आणि फोनोपाशी जाऊन उभा राहिला.

"परत लाव थे."

"आताच तं लावलं होतं," हॉटेलवाला भगवंतराव म्हणाला. तरी त्यानं चावी फिरवली. मालेगावच्या बाजारात फोनो त्याच्या एकट्याकडे, त्यामुळे त्याचा तोरा काही विचारू नका.

तबकडीतली बाई गुळगुळीत मराठीत गाऊ लागली, "साजणी, तुझ्याच वाटेने पाय माझे जाती."

जगदेव फोनोच्या आणखी जवळ सरकला. गाणं त्याचं होतं! वीस वर्षांपूर्वी दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, त्यानं ते एकदाच म्हटलं, "गोजरे, तुह्याच वाटंनं पाय माहे जाते." पुढे दुसरं गाणं काही त्याला जमलं नाही. हे मात्र सुटलं ते सुटलंच. बायांनी जात्यावर घेतलं, तमाशावाल्यांनी ढोलकी चढवली, शिरपूरच्या भजनकऱ्यांनी 'देवा' घालून पार सोवळं करून टाकलं.

"साजणी नाही, गोजरे आहे थे," जगदेव म्हणाला.

"गोजरी काय अन् साजणी काय, एकच तं झालं!"

"एकच कसं होईन?"

आवाज जरा जास्तच चढला. चहा पिणारे बघू लागले. आता यांना काय सांगावं? नाव होतं ते. माळ्याची गोजरा. दंडार झाली त्याच वर्षी लग्न होऊन रिठदला गेली, आणि आता दर बाजारी समोरच वांगी घेऊन बसायची. इतक्या वर्षांत भाव विचारण्यापलीकडे तो तिच्याशी बोलला नव्हता. तिला कधी कळलं का, एवढंच त्याला हवं होतं. अन् आता तर गाण्यातून नावही गेलं.

तो तिच्यापुढे जाऊन बसला. एक वांगं उचललं, ठेवलं. दुसरं उचललं.

"जगदेवभाऊ, वांगे काहून दाबून राह्यले? घ्याचे तं घ्या."

"दे शेरभर." त्यानं उपरणं पसरलं. "गाणं आयकलं?"

"सकाळपासून तेच तं चालू आहे."

"मंग? कसं वाटलं?"

गोजराबाईनं पारडं उपरण्यात रिकामं केलं. वर आणखी एक वांगं टाकलं.

"गळा चांगला हाये बाईचा," ती खालीच बघत म्हणाली. "पण माहं नाव काहून काढलं त्याईनं?"

जगदेव उपरणं तसंच धरून बसला. मागचं गिऱ्हाईक त्याला सरकायला सांगत होतं.