सहा चमचे पाणी

लाँचच्या तळाशी पाणी चार बोटे चढले, की माझे टोक उचलले जाते. ते उतरून एका बोटावर आले, की मी पुन्हा खाली टेकतो. चढताना चार आणि उतरताना एक, हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. तो नसता तर प्रत्येक हिंदकळ्याबरोबर पंप चालू-बंद होत राहिला असता आणि फार दिवस टिकला नसता.

मी एक जुना फ्लोट स्विच आहे, मित्रांनो. फ्लोट म्हणजे तरंगणारा. गच्चीवरच्या टाकीत पाण्यावर डुलणारा प्लास्टिकचा गोळा तुम्ही पाहिला असेल. तो माझा चुलतभाऊ. टाकी भरली की तो पाणी थांबवतो. लाँचच्या तळात पाणी साचले की मी पंपाला म्हणतो, "ऊठ, उपस."

माझा आकार साबणाच्या वडीएवढा, रंग काळा, एका टोकाला बिजागरी. पोटात दोन बंद खोल्या. एका खोलीत पोलादाची गोळी आणि दोन तारांची टोके. मी उचललो गेलो की गोळी घरंगळते, टोके जुळतात, वीज पंपाकडे धावते. दुसऱ्या खोलीत काहीच नाही, नुसती हवा. लहानपणी मला वाटे, ही खोली कारखान्यातली माणसे भरायला विसरली असावीत. तिच्याच जोरावर मी तरंगतो, हे मला फार उशिरा कळले.

कारखान्यातून मी आलो तो थेट खाडीवरच्या एका लाँचमध्ये. ही लाँच सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांना या काठावरून त्या काठावर नेई. तिथे मला मिस्त्रींनी बसवले. तळातली सर्वांत खोल जागा त्यांनी पेल्याने पाणी ओतून शोधली, कारण डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या तारांचे सांधे त्यांनी वर, कोरड्या जागी टांगले. "सांधा पाण्यात ठेवला, की तांबं हिरवं पडतं आणि स्विचला शिव्या बसतात," ते म्हणाले.

तुम्ही विचाराल, चांगल्या लाँचमध्ये पाणी शिरतेच कसे? हे कोडे मलाही बरेच दिवस पडले होते. लाँचला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा ज्या पोलादी दांड्यावर फिरतो, तो तळातल्या भोकातून बाहेर जातो. त्या भोकात दांड्याभोवती दोरीसारखे पॅकिंग ठासलेले असते. ते इतके घट्ट करायचे नसते, की थेंबही येऊ नये. दांडा फिरतो, पॅकिंग तापते आणि त्या थेंबाने ते गार राहते. म्हणजे आमची लाँच धडधाकट राहण्यासाठी थोडी गळावीच लागे. मला याची मोठी गंमत वाटे.

निघताना मिस्त्री लाँचच्या चालकाला म्हणाले, "कप्तान, रोज सकाळी बादलीभर पाणी ओतून याची परीक्षा घे. हाताने उचलून बघू नकोस. हाताने काय, दगडसुद्धा उचलला जातो."

कप्तानांनी ते कित्येक वर्षे पाळले. तळाची फळी काढायची, बादली ओतायची आणि मान तिरपी करून बसायचे. आधी माझी गोळी टक् करी. मग पंप गुणगुणे. मग बाहेर पाण्याची धार खाडीत पडू लागे. तळ रिकामा होत आला की पंप गुळण्या केल्यासारखा आवाज करी आणि शेवटी सगळे शांत होई. फळीपाशी बसलेल्या माणसाला बाहेरची धार दिसत नाही. ती ऐकावी लागते. सगळे आवाज ओळीने झाले, की ते फळीवर थाप मारून म्हणत, "शाबास रे पठ्ठ्या!" मित्रांनो, ती थाप माझ्यासाठी नाश्ता होती.

मग एके सकाळी बादली आली नाही. कप्तानांनी बोटाने मला उचलले आणि दुसऱ्या हाताचा तळवा पंपावर ठेवला. पंप थरथरला तसे त्यांनी मला सोडले. दुसऱ्या दिवशी तेच, महिन्यानंतरही तेच. मी विचारात पडलो. गुडघे दुखत असतील का? पण फळीपाशी तर ते तसेच वाकत होते. आळस? छे, तो त्यांच्या रक्तात नव्हता. मग तळवा कशाला? पंपाला ताप आहे का, हे बघतात की काय?

एकदा पंपावर हात ठेवून ते पुटपुटले, "अजून एक वर्ष. एकच." त्यांना ते पुटपुटणे वाटले असावे. मला मात्र ते जवळजवळ ओरडणे वाटले.

लाँचवर त्यांची मुलगीही काम करी. वय तीस, पण बापाच्या तोंडी अजून 'छोटी'. ती दोर बांधी, माणसांना हात देऊन चढवी-उतरवी. लाँच चालवण्याचा परवाना तिने मिळवला, त्याला तीन वर्षे झाली होती. तो प्लास्टिकच्या पाकिटात सुकाणूच्या वरच टांगलेला असे.

"बाबा, परवान्याला बुरशी लागेल हो."

"थंडी सरू दे."

"मागच्या थंडीत म्हणालात, उन्हाळा सरू दे."

"अगं, सुकाणू काय पळून जातंय?"

"सुकाणू नाही, मीच पळून जाईन एक दिवस. पलीकडच्या मोठ्या लाँचवर माणूस हवाय त्यांना."

यावर कप्तान हसत.

मधल्या काळात माझ्यावर एक संकट कोसळले. इंजिनाचा पट्टा बदलताना कप्तानांच्या हातून पाना निसटला आणि माझ्या पाठीवर आदळला. बाहेरून काही दिसले नाही. पण हवेच्या खोलीला केसाएवढी चीर पडली होती. मी पाण्यात असलो की त्या चिरेतून एक कण आत येई. मी बाहेर आलो तरी तो काही बाहेर जात नसे. दिवसाला कण, महिन्याला थेंब. मी जड होत गेलो, पण इतक्या संथपणे, की रोज उचलणाऱ्या बोटाला ते जाणवलेच नाही. मी आतून म्हणत होतो, "अहो, एकदा तरी बादली आणा!" पण स्विचचे बोलणे म्हणजे फक्त टक्. आणि बोटाने उचलला, की टक् मी अजूनही नीट म्हणत होतो.

अखेर एका सकाळी पॅकिंग सैल झाले. लाँच खाडीच्या मध्यावर होती, वर अठरा माणसे. थेंबांची धार झाली. पाणी चार बोटे चढले, सहा झाले, आठ झाले. मी उठायला गेलो आणि जागचा हललोच नाही! ज्याचे नावच तरंगणारा, तो मी तळाशी पडून डोक्यावरचे पाणी बघत होतो.

माझ्या वर वीतभर उंचीवर माझा धाकटा भाऊ बसवलेला होता. पाणी तिथवर आलेच, तर सुकाणूपाशी भोंगा वाजवायचा, एवढेच त्याचे काम. आयुष्यात पहिल्यांदाच तो उचलला गेला आणि भोंगा कर्कश किंचाळू लागला.

वरचे मी पाहिले नाही. जे ऐकले ते सांगतो.

"अहो, कुणाचा फोन वाजतोय? उचला की!" कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

"कप्तान, हे काय वाजतंय?" रोज पलीकडच्या दवाखान्यात जाणाऱ्या नर्सबाईंनी विचारले.

उत्तर नाही. इंजिनाचा वेगही तोच.

पुढच्या टोकाकडून धावत येणारी पावले ऐकू आली. फळी उघडली. छोटीचा चेहरा दिसला आणि ती ओरडली, "बाबा, तळात पाणी भरलंय! पंपाचं बटण हाताने चालू करा!"

असे बटण सुकाणूजवळ होते. ते दाबले की माझी गरजच उरत नाही. भोंगा त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर ओरडत होता आणि मुलगी पाठीमागून. कप्तानांनी मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. त्या क्षणी मला तळव्याचे कोडे सुटले. आवाज कानांना येईनासे झाले होते, म्हणून ते हाताने ऐकत होते.

छोटीने खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पाण्यात मला शोधून वर उचलून धरले. टक्! पंप घुमू लागला. आता मला सोडले तर पंप बंद पडणार, म्हणून तिला हलता येईना. "नर्सबाई, बाबांच्या खांद्याला हात लावा आणि इकडे बघायला सांगा!"

मग इंजिनाचा आवाज उतरला, बटण दाबले गेले आणि लाँच हळूहळू काठाला लागली. अठराच्या अठरा माणसे सुखरूप उतरली. पाण्याने बॅटरीची फळी गाठायला दोन बोटे उरली होती. बॅटरी बुडाली असती तर बटणही कामाचे राहिले नसते.

मित्रांनो, मी आता कामावर नाही. माझे पोट कापून छोटीने आतले पाणी मोजले, ते सहा चमचे भरले. माझ्या जागी नवा स्विच आहे. त्याच्या भोवतीचा तळ ती चिंध्या आणि तेलकट गाळ काढून साफ ठेवते, रोज त्याच्यावर बादली ओतते. तुमच्याकडे आमच्यातला कोणी असेल, तर त्याला जे काम करायचे आहे तेच करायला लावून बघा. ज्याने पाण्यावर उठायचे त्याला पाणी द्या. नुसता त्याचा टक् ऐकून खूश होऊ नका. बिचारा खोटे बोलत नसतो. तुम्ही त्याला विचारलेले असते भलतेच.

पण माझे पोट कापण्याआधी, त्याच सकाळी धक्क्यावर जे घडले ते सांगायचे राहिले आहे.

छोटीने मला सोडवून बादलीत टाकले. मी गोट्यासारखा तळाला गेलो. "हे बघा, बुडाला!" भीती ओसरून तिच्या आवाजात आता कुतूहल होते. तिने मला बाहेर काढले, पुसले आणि कप्तानांच्या कानापाशी धरून हलवले. आतले पाणी खळखळले. उतरताना भिजलेल्या चपला बाकावर बसून वाळवणाऱ्या नर्सबाईंनीही मान वर केली.

"काय ऐकू येतंय?"

कप्तानांनी कान आणखी जवळ आणला. "काही नाही. कोरडा आहे."

छोटीने मला पुन्हा हलवले.

"कप्तान," नर्सबाई त्यांच्या समोर येऊन सावकाश म्हणाल्या, "मी वर्षभर बघतेय. पाठीमागून काही विचारलं की तुम्ही गप्प, समोरून विचारलं की नुसते हसता. मला वाटलं, माणूस शिष्ट झाला. कान तपासले का कधी?"

"तपासले," कप्तान म्हणाले. "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीत?" छोटी म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू सुकाणू मागितलं असतंस."

"ते तर मी तशीही मागतच होते की!"

कप्तानांना हसू आले, पण ते पुरते ओठांवर आले नाही. त्यांनी मला तिच्या हातातून घेतले आणि स्वतः हलवले. पाणी त्यांच्या बोटांना लागले असावे, कारण त्यांनी मला लगेच बाकावर ठेवले. मग ते रिकाम्या लाँचकडे वळले. नर्सबाईंच्या चपलांचे ओले ठसे वाळत होते.

"एकतीस वर्षं धरलं मी ते," ते म्हणाले. या वेळी आवाज मोठा नव्हता. "छोटे, पॅकिंग बदललं की पहिली फेरी तू घे. दोर मी बांधीन. मला काही सांगायचं असलं तर समोर येऊन सांग. सुकाणू आजपासून तुझं."