अंजनीचं सोयर

“इंदुमावशी, पोरीला पाच मिनिटं खाली आणा. जीप सजवलीय, ताशावाले कधीचे उभे आहेत!” दिनानाथ जिन्यातूनच ओरडला. त्याच्या मागं अख्खा जिना माणसांनी भरला होता. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात पेढे, आणि मोबाइल तर सगळ्यांच्याच हातात.

इंदुबाई दारात आडव्या उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकून अजून तास झाला नव्हता, आणि तेवढ्यात अख्खी हेंद्रेपाड्याची वस्ती त्यांच्या दारी लोटली होती. सकाळीच पोलिसांनी अंजनीला सुरतेहून आणून घरी सोडलं होतं. इंदुबाईंची ही नात सहा वर्षांची असताना चोरीला गेली होती. चोरणारी कुणी परकी नव्हती. त्यांच्याच चाळीतली भाडेकरू, भावना नावाची एकटी बाई. स्वतःचं मूल गेलेलं, म्हणून इंदुबाई तिला अधूनमधून वाटीभर कालवण द्यायच्या. एका दुपारी ती अंजनीला कुल्फी द्यायला म्हणून घेऊन गेली, ती गेलीच. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. मरायला टेकल्यावर त्याच भावनानं हॉस्पिटलात पोलिसांना बोलावून खरं काय ते सांगितलं, म्हणून पोरगी सापडली.

लोकांचंही काही चुकत नव्हतं. अंजनी गेली तेव्हा याच माणसांनी उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण पालथं घातलं होतं. रिक्षावाल्यांनी दोन वर्षं तिचा फोटो रिक्षामागं मिरवला होता. दिनानाथ तर तेव्हा पुढारीबिढारी काही नव्हता, नुसती एक खटारा स्कूटर होती त्याच्याकडं, आणि तिच्यावरून तो उल्हासनगरच्या कापडबाजारात दुकानं दुकानं फिरला होता. एवढं शोधल्यावर सापडलेली पोर डोळे भरून पाहावीशी वाटणारच. पण माया झाली तरी तिनं दार मोडू नये.

“ती बया मेली म्हणून सुटली,” मागून कुणीतरी ओरडलं, “नायतर उलटी टांगली असती!”

“तिला तर भर चौकात फाशी पाहिजे होती!”

इंदुबाईंनी वळून आत पाहिलं. अंजनी कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात जमिनीवर बसली होती. अंगानं काटकुळी, सतरा वर्षांची, दोन्ही हातांनी कान दाबून. बाहेरून शिवी आली की ती अजून थोडी भिंतीत शिरत होती. तिची आई, इंदुबाईंची सून संजीवनी, समोर शिऱ्याची ताटली धरून बसली होती. लेकीला हात लावावा की नाही तेच तिला कळत नव्हतं.

इंदुबाईंचा मुलगा आनंदा केव्हाचा सगळ्यांना हात जोडत होता. एक हवालदार “चला, गर्दी कमी करा” म्हणून दमला आणि शेवटी पेढा खात उभा राहिला. कुणी हलेना. तेव्हा इंदुबाईंनी पदर खोचला.

“उंबऱ्याच्या आत कुनी पाय टाकाचा नाय,” त्या म्हणाल्या. “घरात सोयर हाये.”

वरच्या मजल्यावरच्या सुनेत्राकाकूंनी चष्मा सारखा केला. “सोयर? अहो, पण बाळंतीण कोण आहे तुमच्याकडे?”

“माझी सून. अंजनी आजच जल्माला आलीय. आमी तिचा पुतळा जाळला व्हता का नाय? दिवस घातले व्हते का नाय? तुमीच आल्या व्हत्या नं तेराव्याच्या जेवनाला? मग जिचे दिवस घातले ती घरी आली, म्हंजे तिचा नवा जल्म झाला. धा दिस सोयर पाळाचं, बाराव्याला बारसं. त्या दिवशी सगल्यांनी या, जेवून जा.”

“मावशी, कायच्या काय!” दिनानाथ हसला. “सतरा वर्षांच्या पोरीचं बारसं? एक फोटो तरी घेऊ द्या, मीडियावाले येतायत.”

“उंद्या तुज्या हापिसात सत्यनारायण हाये ना? ये, शिव मला, आन मंग बस पूजेला.”

दिनानाथ दोन पायऱ्या खाली सरकला. त्याच्यामागचे चार सरकले. ओवाळायला ताट घेऊन आलेल्या बायकांनी ताटं मागं घेतली. विटाळ नको, उगाच कशाला, बाराव्याला येऊच की, असं म्हणत म्हणत सगळा जिना उतरला. भटजींना कुणीतरी फोनही केला. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि हे शास्त्राला धरूनच आहे असा निर्वाळा दिला. त्यांना ते पोथीत सापडलं की इंदुबाईंचा स्वभाव आठवला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दार लावून इंदुबाई वळल्या तेव्हा अंजनीनं कानांवरचे हात काढले होते. ती त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. तिचं मराठी केव्हाच पुसलं होतं, पण पुतळा जाळला एवढं कळायला कितीसं मराठी लागतं? इंदुबाईंच्या ते ध्यानात आलं. दारच्यांना घालवण्याच्या नादात आपण हे काय बोलून बसलो! पोरगी तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिली.

तेव्हापासून घर शांत झालं, पण ती शांतता इंदुबाईंना टोचू लागली. बाहेर मात्र कौतुकाला ऊत आला होता. आत यायची बंदी म्हणून लोक दाराच्या कडीला पिशव्या अडकवून जात. सुनेत्राकाकूंनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू धाडले. संजीवनीनं पहिला लाडू फोडला आणि हसता हसता अशी रडली की आनंदा घाबरून पाणी घेऊन धावला. नाक्यावरच्या शिंप्यानं अंगाचा अंदाज घेऊन सतरा वर्षांच्या बाळाला बसेल असं झबलं शिवलं, वर टोपडंही. दिनानाथनं चौकात बारशाचा बॅनर लावला. पोरीचा फोटो छापायला पोलिसांची मनाई होती, म्हणून त्यानं पाळण्याचं चित्र टाकलं आणि उरलेल्या सगळ्या जागेत स्वतःचा फोटो. खालून बंद खिडकीचे व्हिडिओ काढणारी पोरं दोन दिवसांत कंटाळून निघून गेली.

अंजनी मात्र खात नव्हती. दिलं की दोन घास उष्टवायची, “बस” म्हणायची आणि ताट सारायची. संजीवनी रोज नवं काहीतरी करी आणि रोज ते तसंच झाकून ठेवी.

एका दुपारी इंदुबाई मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. संजीवनी आत पडली होती. अंजनी येऊन शेजारी बसली आणि न सांगता सोलू लागली. बरीचशी सालं परातीत पडल्यावर म्हणाली, “दादी, मेरा पुतला क्यों जलाया?”

इंदुबाईंनी हात थांबवले नाहीत. थांबवले असते तर बोलता आलं नसतं.

“तुज्या आईसाठी, बाय. तू गेल्यापासून ती रोज रातच्याला तुजं ताट वाढाची. वाढाची आन समोर बसून राहाची. सोता जेवाची नाय. सा वर्सं असं चाललं. तिचीबी हाडं दिसाय लागली. भटजी बोलला, एवढ्या ल्हान पोरीचं काय कराचं नसतं. मी बोलली, पोरीसाठी नाय कराचं, पोरीच्या आईसाठी कराचंय. मंग पळसाच्या पानांचा पुतळा केला, नदीवर नेला. तवापासून ती जेवाय लागली. माज्याशी मात्र वरीसभर बोलली नाय.”

किती कळलं कुणास ठाऊक. अंजनीनं मान हलवली.

“आग किसने दी?”

“बाबानं.”

“अच्छा है,” ती म्हणाली. “मेरे लिए इतने लोग थे। मम्मी को तो मैंने देखा भी नहीं।”

मम्मी म्हणजे आत निजलेली संजीवनी नव्हे, हे इंदुबाईंना लगेच कळलं.

मग ते तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. भावना हॉस्पिटलात गेली, त्याच संध्याकाळी अंजनीला पोलिसांनी मुलींच्या बालगृहात नेलं. तपास, कोर्ट, रक्ताची तपासणी यांत दीड महिना गेला. भावनाचं कुणी केलं, कुठं केलं, केलं की नाही, तिला कुणी सांगितलं नाही. तिनं विचारलं तेव्हा, अगं ती चोर होती, विसर तिला, असं सगळे म्हणाले.

“चोर थी, मुझे पता है,” अंजनी म्हणाली. “लेकिन बुखार में रातभर वही बैठती थी, दादी। अब सब गाली देते हैं। मैं रोऊँ तो किसके सामने रोऊँ?”

इंदुबाई उठल्या आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. अकरा वर्षं रोज दिवेलागणीला देवापुढं हात जोडून त्यांनी भावनाला तळतळाट दिला होता. तुझ्या तोंडात पाणी घालायला कुणी न राहो, असंही म्हटलं होतं. तेच खरं झालं होतं, आणि त्यांचीच नात त्यापायी उपाशी राहत होती. संताप असा आला की कठडा धरावा लागला. मेल्यावरही मेली माझ्या पोरीच्या घशात बसलीय! आणि त्या संतापाच्या तळाशी, त्यांना मुळीच नको असताना, त्या बाईची कीवही आली. खाली चौकात मंडपाचे बांबू उतरत होते. सगळं गाव बारशाच्या तयारीला लागलं होतं आणि बाळ सुतकात होतं.

बारशाच्या दिवशी इंदुबाई पहाटेच उठल्या. कुणाला न सांगता मूठभर भात करावा आणि पोरीला घेऊन मांजर्लीच्या बाजूला नदीवर जाऊन यावं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. दहावा हुकला तर हुकला, कावळ्याकडं कुठं कॅलेंडर असतं! पण स्वयंपाकघरात गॅस आधीच पेटला होता.

“आई, भात झालाय,” संजीवनी पाठमोरीच म्हणाली.

इंदुबाई डब्यात डोकावल्या.

“त्या दिवशी मी झोपले नव्हते. सगळं ऐकलं मी. तुम्ही तिला नदीवर न्याल, तेही ओळखलं.” तिनं भाताचा डबा बंद केला, पिशवीत ठेवला. मग एक छोटी बरणी आणि थर्मास ठेवला. “अंजनीला विचारलं, काय आवडायचं भावनाला. नानकटाई म्हणाली, चहात बुडवून. आपल्या चाळीत होती तेव्हापण तेच खायची ती. मीच आणून द्यायचे.”

“संजू…”

“मी नाही येत. मला नाही जमायचं ते.”

“नको येऊ, बाय,” इंदुबाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

नदीकाठी कुणी नव्हतं. मंडपाच्या बाजूनं दिनानाथचा आवाज तेवढा येत होता, “हॅलो, हॅलो, माइक चेक.” अंजनीनं दगडावर पान मांडलं, भात ठेवला, नानकटाई ठेवली, थर्मासच्या झाकणात चहा ओतला. दोघी मागं सरून उभ्या राहिल्या. समोरच्या विजेच्या तारेवर कावळे रांगेनं बसले होते. एकही उतरेना.

“मम्मी,” अंजनी म्हणाली, “मैं ठीक हूँ। यहाँ सब अच्छे हैं।”

कावळे बसल्या जागेवरून बघत राहिले.

“ये बाई, खा एकदाची,” इंदुबाई करवादल्या. “तिकडं शंभर मानसांचं जेवान खोळंबलंय.”

एक कावळा उडाला, पण पलीकडच्या तारेवर जाऊन बसला. चहावर साय धरली. अंजनीच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. “नाराज है,” ती म्हणाली. “मैं आ गई ना, इसलिए।”

मेलेल्याचा जीव कशात अडकतो ते इंदुबाईंना काय सांगायला हवं होतं? आयुष्यात किती दहावे पाहिले होते त्यांनी. कावळा शिवेना की त्याच पुढं होऊन घरच्यांना म्हणायच्या, बोला, मागं काय राहिलंय ते पत्करा, त्याशिवाय तो यायचा नाय. दुसऱ्याला सांगताना त्यांना ते फार सोपं वाटायचं. आज जीभ टाळ्याला चिकटली. अकरा वर्षांचं सगळं त्या जिभेवर गोळा झालं होतं. शेजारी पोरगी रडत होती, तोंडातून आवाज न काढता, सवय असल्यासारखी.

इंदुबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

“भावना,” त्या म्हणाल्या. “तू आमचं घर नासवलंस. त्ये मी इसरनार नाय. पन पोरीला उपाशी नाय ठेवलीस, मारली नाय, मरताना खरं बोललीस. आता घोर करू नको. तुज्या लेकीला मी संभाळीन. तू जा.”

त्या हात तसेच धरून उभ्या राहिल्या. तारेवरून एक कावळा खाली आला, पानाभोवती तिरका तिरका चालला आणि भाताकडं ढुंकूनही न बघता नानकटाई उचलून उडाला. अंजनीच्या तोंडून हुंदका की हसू, काहीतरी बाहेर पडलं. मग बाकीचे भातावर उतरले.

सगळं पान साफ झालं तरी इंदुबाईंचे जोडलेले हात सुटेनात. शेवटी अंजनीनंच ते आपल्या हातात घेतले.

“चलो आजी,” ती म्हणाली. “लोग रुके हैं।”