खूण केल्याशिवाय

निळ्या शाईचा पॅड... झाकणाला तडा गेलेला, मधोमध कुणाकुणाच्या अंगठ्यांनी खळगा पडलेला. नर्सबाईंनी तो पुढे सरकवला आणि बायाचा अंगठा सवयीने आपला आपणच शाईत बुडाला, वर आला, आणि कागदापासून वीतभर वर थांबला. कागद इंग्रजीत होता. मराठीत असता तरी बायाला वाचता आला नसता म्हणा, पण निदान कुणाला वाचून दाखव म्हणता आलं असतं.

"लावा की मावशी. सरकारी योजनेतून सगळं फुकट आहे. छोटंसं ऑपरेशन."

छोटंसं... लेकीच्या, हर्षदाच्या बाळंतपणाला असंच म्हणाले होते. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या दवाखान्यात, पण असाच कागद, असाच पॅड, आणि बायाने मुकाट अंगठा टेकवला होता, कारण पांढऱ्या कोटातल्या माणसाला उलटं विचारायचं नसतं, ही तेव्हाची अक्कल. पोरीची गर्भपिशवी काढून टाकली होती. पाळी येईना म्हणून विचारायला गेल्या, तेव्हा कळलं. हर्षदा आईला एका शब्दानं बोलली नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून बायाने आपणहून तिला कधी फोन लावला नव्हता.

समोर खाटेवर शिदू, तिचा नवरा, तापाने डोळे मिटलेला. साखरेच्या दुखण्याने पाऊल काळं पडलेलं. आंदर मावळातल्या वाडीवर हाच माणूस बांबू तोडायला आलेल्या पोरांवर खेकसायचा — आधी कोळशानं खूण करा, चौघांनी बघा, मंग कोयता लावा, तुटलेलं परत जोडता येत न्हाई! बांबूला एवढा मान... आणि माझ्या माणसाच्या पायाला?

"ह्यात काय लिवलंय?"

"ऑपरेशनचंच. डॉक्टर थांबलेत, मावशी."

"थांबू द्या."

फरशी पुसणारी बबिता, कार्ला गावची, वर न बघताच पुटपुटली, "भितीवर पाटी हाय बघ मावशी. पेशंटला कळंल आशा भाषेत सांगायला पायजे, आसं लिवलंय."

त्याच पाटीखाली बाया सकाळपासून बसून होती. तिला हसू आलं, आणि मग संताप आला. तिने चादर बाजूला केली आणि अंगठा शिदूच्या घोट्यावर टेकवला.

"हितनं कापनार?" मग नडगीवर. "का हितनं?" मग गुडघ्याखाली, शाई आता फिकी उठत होती. "का हितनं? डाक्टरांना बोलवा. त्यांनी हितं खूण करावी, मला कळंल आसं सांगावं. मंग कागुद."

नर्सबाई कपाळावर हात मारून निघून गेल्या.

विष वर चढत असेल... उशीर झाला तर माणूसच हातचा जाईल, हे का बायाला कळत नव्हतं? पण अंगठा तिने लुगड्याला पुसला नाही. शिदूच्या पायावरच्या तीन निळ्या ठशांकडे बघत ती दाराशी येणाऱ्या पावलांची वाट पाहत राहिली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, हर्षदाला फोन लावावा.