माझा धोटा आणि कडूचा डोळा

मित्रांनो, बुऱ्हाणपुरात कधी आलात आणि एखाद्या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमधून खटाखट, खटाखट असा न थांबणारा आवाज कानावर पडला, तर समजा की आत कापड विणलं जातंय. तसा आवाज करणारा मी एक जुना यंत्रमाग आहे. चाळीस वर्षांत मी किती कापड विणलं ते मला सांगता येणार नाही. पण एका माणसाचा डोळा माझ्यामुळे गेला, ते मात्र मी विसरू शकत नाही.

माझा जन्म सुरतेचा. ओतीव लोखंडाचे माझे पाय, सागाची फळी आणि पोटात इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा. धोट्यात सुताची कांडी असते. उभ्या धाग्यांमधून तो मिनिटाला शंभरदा पळतो, तेव्हा कापड तयार होतं. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं असतात. म्हणून तो बाहेर उडू नये यासाठी समोर एक आडवी सळई लावलेली असते. मलाही ती होती.

दत्तात्रयशेठच्या शेडमध्ये आम्ही बारा माग होतो. कडू नावाचा विणकर माझ्यावर आणि शेजारच्या तीन मागांवर चौदा वर्षं काम करत होता. माझा आवाज जरा बदलला की शेडच्या दुसऱ्या टोकावरून त्याला कळायचं. तो येई, तेल घाली आणि तुटलेला धागा असा जोडी की गाठ बोटाला लागू नये. शेठ व्यापाऱ्यांना माझं कापड दाखवून म्हणत, "हे आमच्या कडूच्या हातचं." तेव्हा मला वाटायचं, यात थोडं कौतुक माझंही आहे.

मग एका हंगामात माझी सळई मोडली. कडूने ती नेऊन शेठच्या टेबलावर ठेवली. ऑर्डरची घाई होती. वेल्डिंग नंतर करू, असं शेठ म्हणाले. मी सळईवाचून चालत राहिलो. एक महिना गेला, मग दुसरा, आणि पुढे तिची आठवणही कोणी काढेना.

सातव्या महिन्यात, दुपारी, माझे काही उभे धागे सैल पडले होते. कडू ते पाहायला वाकला. धोटा त्या धाग्यांवर आपटला आणि बाहेर उडाला. तो सरळ त्याच्या डाव्या डोळ्यात गेला.  कडू खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कांड्या भरणारी रंभाबाई धावत आली, तिने पदर त्याच्या डोळ्यावर धरला. कोणीतरी वीज बंद केली. माझ्यावरच्या अर्धवट पांढऱ्या कापडावर लाल डाग पडले होते. तेवढं कापड दुसऱ्या दिवशी कापून टाकलं गेलं.

पुढचं बरंचसं मला रंभाबाईच्या बोलण्यातून कळलं. शेठनी कडूला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, ऑपरेशनचे तीस हजार भरले. डोळा वाचला नाही. महिन्याने ते मिठाई घेऊन कडूच्या घरी गेले. त्यांच्याजवळ एक स्टॅम्प पेपर होता. भरपाई म्हणून ऐंशी हजार, त्यातून दवाखान्याचे तीस वजा, हातात पन्नास. शेठ म्हणाले, आपण घरचे लोक, कोर्टकचेरी कशाला. कडूला कागद नीट दिसत नव्हता. त्याने शेठकडे पाहून सही केली.

संध्याकाळी त्याची मुलगी दीपाली शाळेतून आली. ती दहावीत होती. तिने तो हिंदी कागद मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की कडूचं पूर्ण समाधान झालं आहे आणि यापुढे तो कोणताही दावा करणार नाही. कडूची बायको वैजयंती हे ऐकून चूल तशीच सोडून बाहेर येऊन बसली. 

तीन महिन्यांनी कडू कामावर आला. मला फार आनंद झाला. पण त्याने तुटलेला धागा धरायला बोटं पुढे केली आणि ती धाग्याच्या अलीकडेच मिटली. पुन्हा धरायला गेला, पुन्हा तेच. एका डोळ्याला वस्तू किती लांब आहे ते कळत नाही, मित्रांनो. दुपारपर्यंत त्याच्या चार मागांपैकी तीन बंद पडले होते. शेठनी त्याला बोलावलं आणि आराम करायला सांगितलं. आराम म्हणजे काय, ते सगळ्यांना समजलं.

त्यानंतर वैजयंती तो कागद घेऊन कामगार कार्यालयात गेली. तिथल्या अधिकारी मॅडमनी तो वाचला, कडूचा अर्ज लिहून घेतला आणि शेठना बोलावणं पाठवलं. शेठनी उत्तर दिलं की सळई कडूनेच काढून टाकली होती, कामात अडचण होते म्हणून. मग एक दिवस मॅडम स्वतः शेडमध्ये आल्या. कडू आणि वैजयंतीही आले होते. बारा माग बंद केले गेले. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती.

मॅडमनी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. कामगाराने सुरक्षेची वस्तू मुद्दाम काढली असेल, तर अशा दुखापतीची भरपाई त्याला नाकारली जाऊ शकते. म्हणून सळई कोणी काढली ते त्यांना कळायला हवं होतं. विणकरांनी माना खाली घातल्या. प्रत्येकाच्या घरी चूल होती. मला ठाऊक होतं, पण मला खटाखटीखेरीज दुसरी भाषा येत नाही.

तेव्हा रंभाबाई कांड्यांची टोपली बाजूला ठेवून उभी राहिली.

"मॅडम, सळई कडूनं नाही काढली. ती मोडली व्हती. त्यानंच ती शेठच्या टेबलावर नेऊन ठेवली, मी तिथंच उभी व्हती. शेठ म्हणे, सीझन चालू आहे, बाद में देखेंगे."

"रंभाबाई, विचार करून बोल," शेठ हळूच म्हणाले.

"विचार करूनच बोलते, शेठ. तुम्ही कडूवर आळ घेतला तवापासून, चार दिवस झाले, मले जेवण जात नाही."

तिच्यामागून आणखी दोन विणकर बोलले. शेठ खुर्चीवर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. ते घाबरले होते.

कडूला मात्र वेगळीच काळजी होती. "पण मॅडम, मी तर सही केली आहे," तो म्हणाला.

मॅडम म्हणाल्या की कामगाराशी केलेला असा समझोता त्यांच्या कार्यालयात नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी असेल तर त्या नोंदवून घेत नाहीत. नुसत्या सहीने हक्क संपत नाही. दवाखान्याचा खर्चही भरपाईतून कापता येत नाही, तो मालकाने वेगळा द्यायचा असतो. मग त्यांनी हिशेब सांगितला. महिन्याच्या मजुरीचा साठ टक्के भाग, त्याला सरकारी तक्त्यात वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं, आणि एका डोळ्यासाठी त्याचे चाळीस टक्के. कडू छत्तीस वर्षांचा होता. साडेपाच लाखांच्या वर रक्कम झाली.

"एका डोळ्याचे इतके?" कडूने विचारलं.

"डोळ्याचे नाहीत," मॅडम म्हणाल्या. "डोळ्याचे पैसे कोणी देऊ शकत नाही. यापुढे तुमची जी मजुरी बुडणार, तिचे आहेत."

शेठनी दोन माग विकून पैसे भरले. मी जुना, म्हणून मला कोणी घेतलं नाही. कडूने पैसे बँकेत ठेवले, दीपालीच्या शिक्षणासाठी. आता तो जवळच्या बहादरपूरला केळीच्या गोदामाबाहेर राखणदारी करतो. पगार पूर्वीच्या निम्मा आहे.

आणि रंभाबाई? तिला कोणी काढलं नाही. फक्त कांड्या भरायचं यंत्र आलं आणि तिला सांगितलं गेलं की गरज पडली तर बोलावू. सत्तावीस वर्षं ती त्या कोपऱ्यात बसत होती.

गेल्या महिन्यात कडू शेडमध्ये आला होता. तिला परत घ्या, एवढंच सांगायला. शेठ म्हणाले, आता जागा नाही. कडू माघारी वळला. जाताना दाराची चौकट त्याच्या डाव्या खांद्याला लागली, कारण ती बाजू त्याला दिसत नाही. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मला त्याचा राग आला नाही.

मित्रांनो, यंत्राची मोडलेली वस्तू लगेच दुरुस्त करा, हे तर मी सांगतोच. पण आणखी एक मागणं आहे. दुखापत झालेल्याचा हिशेब सरकारी तक्त्यात असतो. दुसऱ्यासाठी खरं बोलून ज्याची भाकरी गेली, त्याचं नाव कोणत्याच तक्त्यात नसतं. असा माणूस तुमच्या गल्लीत असेल, तर त्याच्या घरी जा. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.